बॉनेटवर उमटलेलं कुंकू

गाडीला रंग घरी देऊ नये. हे वाक्य मी आजवर पुष्कळ लोकांना ऐकवलं आहे, आणि हे पुणं असल्यामुळे कोणीही ते मनावर घेतलेलं नाही. ज्याला त्याला वाटतं, त्यात काय, डबा आणायचा आणि फवारा मारायचा. आमच्या पप्पांनाही तसंच वाटलं होतं. पप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. आयुष्यभर रंगाचे डबे त्यांच्या हातून आत आले आणि बाहेर गेले, त्यामुळे रंगातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. रंग मोजून देणं वेगळं आणि लावणं वेगळं, हे कळायला आमचा एक आख्खा हिवाळा गेला.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली तेव्हा स्वेच्छा कोणाची हे कोणी विचारलं नाही. पप्पा घरी बसले आणि त्याच सुमारास मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. बापाची शिफ्ट बंद आणि लेकीला न्यायला कंपनीची बस दारात, अशी घरं तेव्हा आमच्या विश्रांतवाडीत गल्लोगल्ली होती. कोणाला त्याचं फार नवल वाटत नव्हतं.

गाडीची गोष्ट आईपासून सुरू होते. माझं लग्न ठरलं तेव्हा आई होती. तिच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात भाड्याची गाडी येरवड्याच्या चढावर बंद पडली होती आणि नवरी शालू सावरत रिक्षातून हॉलवर पोचली होती. ते आईच्या मनाला फार लागलं होतं. ती म्हणाली, "माझी पोर भाड्याच्या गाडीत नको. आपल्या गाडीतनं जाईल. आन् गाडी पांढरी पायजे." पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घेऊ की." आमच्या घरात पप्पांचं "घेऊ की" म्हणजे विषय संपला असाच अर्थ होता.

त्या पावसाळ्यात आई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. मला रडू आलं नाही. मावश्या, आत्या, शेजारणी, सगळ्यांनी माझ्याकडे ते कधी येतंय म्हणून पाहिलं. एक आत्या तर "रड गं बाई, मोकळी हो," म्हणून पाठीवर थोपटत बसली, जसा काही माझा ढेकर काढायचा राहिला होता. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. मी कामावर गेले, बसमध्ये खिडकीशी बसले, स्क्रीनवरच्या चुका शोधल्या, घरी येऊन कुकर लावला. लग्नाची तारीख पुढे ढकलून फेब्रुवारीतला एक रविवार धरला. मुहूर्त आम्ही पाहत नाही, रविवार पाहतो.

पप्पा मात्र रंगवत सुटले. आधी गॅलरीचे गज, मग कपाट, मग ऑक्टोबरात स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून आई बसायची. भाजी तिथेच निवडायची, पेपर तिथेच वाचायची, माझी वाटही तिथेच बसून बघायची. डोक्याला रोज खोबरेल चोपडलेलं, त्यामुळे भिंतीवर तिच्या डोक्याचा एक तेलकट गोल डाग झाला होता. मी एका संध्याकाळी कामावरून आले तर भिंत पांढरीशुभ्र. डाग नव्हता. मला इतका राग आला की चप्पल काढायचीही राहिली. पण राग आला म्हणजे काहीतरी बोलायला हवं, आणि बोलायला तोंड उघडेना. मी म्हणाले, "छान झालंय." पप्पा म्हणाले, "दोन हात मारले."

त्यानंतर त्यांनी गाडी घेतली.

गाडी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांची होती. छोटी, पांढरी, त्या काळी निम्मं पुणं चालवायचं तसली. मीही पप्पांबरोबर पाहायला गेले होते. गृहस्थ दारातच उभे राहिले, आम्हाला आत बोलावलं नाही, पण गाडीची एक-एक खोड प्रामाणिकपणे सांगितली. दुसरा गिअर अडकतो. डाव्या दाराला हात लावाल तर ते हातात येईल. "रंग उडालाय, ते दिसतंच आहे. आंधळ्याला विकत नाहीये मी." मग पप्पांना विचारलं, "आपण मूळचे कुठले?" पप्पा म्हणाले, "लोणी काळभोरच्या पल्याड." मग आडनाव विचारलं. पप्पांनी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "हं." त्या "हं"चे अर्थ लावायची सवय आम्हाला पिढीजात आहे, पण त्या दिवशी मला तेवढीही उठाठेव करावीशी वाटली नाही.

बॉनेटच्या मधोमध कुंकवाचं स्वस्तिक होतं. जुनं, उन्हाने विटलेलं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही, नुसतं बोट केलं. "ते जाईल धुतल्यावर." आणि किल्ली देऊन दार लावून घेतलं.

आम्ही बौद्ध. माझ्या आज्जीने तरुणपणी देवाचे टाक नदीत सोडले ते सोडले. आमच्या घरात कुंकवाचा करंडा नव्हता आणि स्वस्तिक काढायचा प्रश्न नव्हता. पण पप्पांनी त्याचा बाऊ केला नाही. "त्यांचं त्यांच्यापाशी," एवढंच म्हणाले आणि पार्किंगमध्ये बादलीभर साबणाच्या पाण्याने बॉनेट धुतलं. कुंकू गेलं. निदान आम्हाला गेल्यासारखं वाटलं.

रंगाच्या कारागिराकडे गाडी टाकायला पप्पा तयार नव्हते. "मी तिला शब्द दिलाय," म्हणाले. शब्द गाडीचा दिला होता, रंगाचा नव्हता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. नाना पेठेतून भाड्याने कॉम्प्रेसर आला, फवारणीची गन आली, थिनर आलं, पॉलिश पेपर आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या साड्या बांधून आडोसा केला. साड्या आईच्या होत्या, हे मला त्या बांधून झाल्यावर दिसलं. दिसलं आणि मी पुढच्या साडीची गाठ मारली.

पोचे आलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासणं, अस्तराचा, म्हणजे प्रायमरचा, हात देणं, इथवर सगळं बरं चाललं. मग पहिला रविवार उजाडला. पप्पांनी गन दाराच्या अगदी जवळ धरली, एखाद्याच्या कानात सांगावं तशी, आणि दाबून धरली. रंग बसला, चमकला, आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली ओघळू लागला. पप्पांनी बोटाने ओघळ पुसला. ओल्या रंगाला बोट लावू नये हा पहिला धडा. तिथे ओघळ आणि बोट असं दोन्ही वाळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नेटवर शोधलं. तिकडच्या, परदेशातल्या लोकांनी घरी रंगवलेल्या गाड्यांच्या चुकांवर पानंच्या पानं लिहिली होती. "गॅरेजचं दार बंद करा, हीटर लावा," असं एका गृहस्थाने कळवलं होतं. आमच्या गॅरेजला दार नव्हतं, पाण्याचा पंप होता आणि त्यावर झोपणारा कुत्रा होता. पण बाकीचं उपयोगी होतं. ओघळ आला तर हात लावायचा नाही, पूर्ण कडक वाळू द्यायचा. मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी मारत, फक्त तेवढा उंचवटा घासून सपाट करायचा. मग बारीक पेपर, मग वरून पातळ हात. गन वीतभर लांब, आणि हात चालता ठेवायचा, थांबायचं नाही. मी घरी येऊन हे पप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच म्हणणार होतो मी."

पुढच्या रविवारी गन इतकी लांब धरली की रंग हवेतच अर्धा वाळून पत्र्यावर बसला. छत संत्र्याच्या सालीसारखं झालं. त्यालाही उपाय तोच, घासा. नंतर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी बरोबर आमच्या डोक्यावर गोधडी झटकली. धूळ बसली, त्यात एक डास. डास चिमट्याने काढायला गेलो तर रंगात खड्डा पडतो, म्हणून वाळू द्यायचा आणि मग घासून काढायचा. मी घासत राहिले. पाणी, पेपर, ठोकळा, फडकं. बोटांची टोकं सुरकुतायची, साल निघायची आणि दुखायचं नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. कोणी "कशी आहेस" विचारत नव्हतं. पप्पा फक्त विचारायचे, "हात फिरवून बघ, लागतंय का?" आणि मी हात फिरवून सांगायचे, लागतंय.

सोसायटीतले लोक येता-जाता थांबायचे. एक आजोबा रोज विचारायचे, "झाली का?" आणि नाही म्हटलं की समाधानाने पुढे जायचे.

मग खड्डे पडले. डाव्या दारावर रंग मारला की तो जागोजागी दूर सरकायचा आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल उघडे पडायचे, खालचं अस्तर दिसायचं. वरून आणखी रंग मारला तरी डोळे मिटत नव्हते. नेटवर लिहिलं होतं की खाली तेल किंवा मेण असलं की असं होतं. मी पप्पांना विचारलं, "दाराला काही लावलं होतं का?" पप्पांनी आठवून सांगितलं, "चिकटपट्टीचा डिंक निघंना, म्हणून जरा तेल चोळलं."

"कुठलं तेल?"

"खोबरेल. आत होतं ना, निळ्या बाटलीत."

आईची बाटली. डिसेंबरात तेल थिजतं म्हणून पप्पांनी ती उन्हात ठेवली होती, पातळ करून घेतली होती, आणि चिकटपट्टीचा डिंक काढायला संपवली होती. मी रिकामी बाटली पाहिली. मला काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी म्हणाले, "दोन फडकी लागतील. एक थिनरचं, पुसायला. दुसरं कोरडं, लगेच मागून. एकच फडकं फिरवलं तर तेल नुसतं पसरतं." आम्ही तसं केलं. आधी रंग घासून काढला, मग थिनर, मागोमाग कोरडं फडकं, दर वेळी फडक्याची नवी बाजू. डोळे मिटले. दार छान झालं.

बॉनेट शेवटी ठेवलं होतं, कारण समोरून आधी तेच दिसतं. जानेवारीतल्या एका कोरड्या दुपारी, ऊन चांगलं चढल्यावर पप्पांनी ते रंगवलं. आता त्यांचा हात बसला होता. ओघळ नाही, साल नाही, डोळे नाहीत. पप्पा मागे सरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांना तसं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही चहा घेतला. खाली आलो तेव्हा बॉनेटच्या मधोमध गुलाबी झाक होती.

आधी वाटलं, साडीची सावली. साडी बाजूला केली. गुलाबी तिथेच. पप्पांनी आणखी एक हात मारला. वाळता वाळता गुलाबी परत वर आली, आणि आता तिला आकार होता. उभी रेघ, आडवी रेघ, वळलेले पाय. पप्पांनी तिसरा हात मारला. स्वस्तिक जास्तच स्पष्ट झालं.

झालं होतं असं की कुंकवाचा रंग वर्षानुवर्षं त्या जुन्या, भुसभुशीत झालेल्या रंगात मुरला होता. आम्ही वरचं धुतलं, थोडं घासलं, अस्तर मारलं. पण थिनर पडलं की मुरलेला लाल रंग विरघळून वर चढतो, अस्तरातूनही. जितके हात माराल तितकं जास्त थिनर आणि तितका तो वर येणार. वरून झाकणं हा त्याच्यावर उपाय नाहीच.

"काय हो, नवीन शेड का?" रोजचे आजोबा म्हणाले. पप्पा पायरीवर बसले. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मी कधी नव्हे ते त्यांना घाबरलेलं पाहिलं. "पांढरी म्हणाली हुती ती," ते म्हणाले. "असल्या गाडीतनं कसं न्यायचं तुला? माणसं काय म्हणतील ते म्हणू दे. पर तिला काय सांगू?"

तिला आता काही सांगायचं नव्हतं. पण पप्पांच्या लेखी तो हिशोब अजून चालू होता, हे मला तेव्हा कळलं.

बॉनेटवर नक्की काय लावलं होतं ते कळलं तर किती खोल जायचं हे ठरवता येईल, म्हणून सोमवारी मी ऑफिसातून परस्पर सदाशिव पेठेत गेले. गृहस्थांनी दार उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"गाडी परत घेणार नाही," ते म्हणाले.

"परत द्यायला आले नाही. बॉनेटवर काय लावत होतात ते विचारायचंय. ते रंगातून वर येतंय."

"काय वर येतंय?"

"स्वस्तिक."

त्यांनी दाराची दुसरी फळीही उघडली. मग म्हणाले, "या आत."

बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो उचलून त्यांनी मला बसायला दिली. पाणी आणून दिलं. पुसट, कोरड्या आवाजात सांगितलं, जणू चौकशीच्या खिडकीवर बसले आहेत. खंडेनवमीला त्यांची बायको गाडीची पूजा करायची. नुसतं कुंकू वाऱ्याने उडतं, म्हणून तिळाच्या तेलात कालवायची. आदल्या वर्षीचं पुसायची नाही, त्याच्यावरूनच बोट फिरवायची. "मी म्हणायचो, अगं रंग खराब होतोय. ती म्हणायची, तुमच्या गाडीचा होतोय ना, माझा नाही." ती गेल्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतरची खंडेनवमी कोरडी गेली, म्हणून गाडी विकायला काढली. "विकताना ते पुसायचं होतं. जमलं नाही. म्हटलं तुम्ही धुवालच."

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. त्यांच्या घरी खंडेनवमी व्हायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही पांढरे कपडे घालून वंदनेला जायचो, आणि आई माझ्या मागे लागायची, केसांना तेल लाव म्हणून. मी एवढंच म्हणाले, "माझी आई पावसाळ्यात गेली." ते म्हणाले, "हं." हा "हं" वेगळा होता.

निघताना त्यांनी विचारलं, "बघायला आलो तर चालेल का? म्हणजे, पुसायच्या आधी."

रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून एक चकमक उरकून. पप्पांनी त्यांच्यासाठी वरून खुर्ची आणून ठेवली होती. ते बसले नाहीत. बॉनेटपाशी गेले आणि उभे राहिले. मग खालच्या उजव्या पायावर बोट ठेवलं. "हा तिचा तिरकाच यायचा," म्हणाले. "दर वर्षी. तिला सांगून दमलो."

पप्पा चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, एक बोलू? बॉनेट चार बोल्टचं काम हाय. काढून देतो तुम्हाला. मी नाना पेठेतनं दुसरं आणतो जुनं."

गृहस्थ पप्पांकडे वळले. "अहो, बॉनेट घेऊन मी काय करू? भिंतीला टांगू?"

"टांगा की."

मला वाटलं आता काहीतरी खोचक येणार. पण त्यांचा चेहरा गोळा झाला, त्यांनी टोपी काढली आणि तोंडावरून हात फिरवला. "मुलीचं लग्न आहे तुमच्या," ते म्हणाले. "घरातलं कार्य आहे. रंगवा तुम्ही. नीट रंगवा. काय करावं लागतं याला?"

मी सांगितलं. थेट पत्र्यापर्यंत जायचं. खरखरीत पेपरने सुरुवात करायची, रंगाचे सगळे थर काढायचे, पत्रा उघडा दिसेपर्यंत. एक गुलाबी ठिपकासुद्धा राहिला तरी तो परत वर येणार. मग थिनरने पुसायचं, त्याच दिवशी अस्तर मारायचं, नाहीतर पत्र्याला गंज धरतो, आणि मग रंग.

"द्या तो कागद," ते म्हणाले.

पप्पा म्हणाले, "साहेब, तुम्ही कशाला, आम्ही करतो." गृहस्थांनी बाह्या वर केल्या. "माझ्या हातून जाऊ दे."

मग आम्ही तिघे घासायला लागलो. मी पाणी मारत होते. पप्पा कडेने घासत होते आणि गृहस्थ मधोमध. गुलाबी पाणी बॉनेटवरून उतरून दिव्यांवरून खाली ठिबकत होतं. ते दर थोड्या वेळाने थांबून फडक्याने पुसायचे आणि बघायचे, पुन्हा घासायचे. तिरका पाय त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवला. रोजचे आजोबा आले, "झाली का?" म्हणायला तोंड उघडलं आणि तसेच पुढे गेले. राखाडी पत्रा उघडा पडला तेव्हा गृहस्थांनी त्यावरून तळहात फिरवला. मला म्हणाले, "लागतंय का बघा." मी हात फिरवला. काही लागत नव्हतं.

त्यांनी चहा घेतला, उभ्यानेच. जाताना डाव्या दाराकडे बघून म्हणाले, "इथे डास राहिलाय." आणि गेले.

अस्तर मारून पप्पा वर आले तोवर अंधार पडायला आला होता. मी स्वयंपाकघरात दिवा लावला. आणि उजेड तिरका पडला म्हणून असेल, दाराशेजारची भिंत मला नीट दिसली. पप्पांच्या दोन हातांखालून तो गोल वर आला होता. फिकट, पिवळसर, आईच्या डोक्याएवढा.

पप्पा माझ्या मागे उभे होते. "दिवाळीपासनंच दिसाया लागलंय," ते म्हणाले. "परत रंगवणार हुतो. तुला तरास नको म्हणून." मग म्हणाले, "आता कसं घालवायचं ते कळलंय. खरवडून काढायचं."

मी भिंतीसमोरून हलले नाही.

"त्या माणसाला बॉनेट देता आलं न्हाई," पप्पा म्हणाले. "भिंत तर आपलीच हाय. राहू दे." आणि हात धुवायला मोरीत गेले.

लग्नाच्या सकाळी गाडी पांढरी होती. अगदी तिकडच्या नेटवरच्या गृहस्थांनीही नाव ठेवलं नसतं, एक डास सोडला तर. पप्पांनी पुढे निळ्या रिबिनी लावल्या होत्या आणि ते खाली फडकं घेऊन ती पुन्हा पुन्हा पुसत होते. घरातली सगळी माणसं पुढे हॉलवर गेली होती. मावशी तेवढी मागे राहिली होती, तीही पिशव्या घेऊन खाली उतरली. माझी पांढरी साडी नेसून झाली होती, केसांत फुलं होती, आणि मावशीने बळेच केसांना तेलाचं बोट लावलं होतं. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि दाराशी खाली बसले. आई असताना त्या जागी कधी बसले नव्हते, ती तिची जागा होती. मी डोकं मागे टेकवलं. तो गोल बरोबर माझ्या डोक्याला आला.

मग मला रडू आलं. पावसाळ्यापासून थांबलेलं सगळंच्या सगळं आलं, मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. पप्पांनी खालून हाक मारली, "चल गं, उशीर हुतोय." मग वरचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. मी उठून भिंतीकडे पाहिलं तेव्हा गोलाच्या मधोमध माझ्या केसांचं तेल लागलं होतं, ताजं, अजून ओलं. मी ते पुसलं नाही. खाली गेले तर पप्पा गाडीचं दार उघडून धरून उभे होते.